कणगीखालचं गाठोडं

आमच्या पाड्यात 'मी' दोनच कागदांवर लिहितात, अर्जावर आणि जबाबावर. 'मी खाली सही करणार' असं सुरू झालं की खालचा अंगठा कुणाचा, हे सगळ्यांना ठाऊक असतं. अर्जाला फोटो चिकटवतात, म्हणजे संशयालाही जागा राहत नाही. तहसीलच्या बाकावर दिवस काढलेल्या माणसांना कागदाची एवढी जाण पुरते. मी मात्र पंधरावीला मराठी घेतलं आणि तिसऱ्याच प्रकारचा कागद लिहून बसले.

डहाणूच्या कॉलेजच्या वार्षिक अंकात माझी गोष्ट छापून आली. 'मागचं दार', पान बावीस. शेजारी माझा पासपोर्ट फोटो. परीक्षेच्या फॉर्मला लावलेला तोच, ज्यात मी नुकतीच कुणाची तरी बोलणी खाऊन आल्यासारखी दिसते. खाली नाव, वर्ग आणि 'मु. झरी, ता. तलासरी'. अंक हातात आला तेव्हा मी इतकी हरखले की दोन प्रती घेतल्या. एक कैनाडला माहेरी आणि एक सासरी. सासरची प्रत माझ्याकडे कुणी मागितली नव्हती.

त्या गोष्टीतली बाई रोज दिवेलागणीला घराच्या मागच्या दारात उभी राहते. एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. भाताच्या कणगीखाली तिनं एक गाठोडं लपवलंय, त्यात एक हिरवं लुगडं, लाकडी फणी आणि कोरी चप्पल. शेवटी ती चिकूच्या टेम्पोवाल्याबरोबर निघून जाते. सगळं ती स्वतःच सांगते. मी उभी राहते, मी बांधते, मी जाते. आमच्या निलम मॅडमनी वर्गात शिकवलं होतं की गोष्ट सांगणारा 'मी' आणि गोष्ट लिहिणारा, ही दोन वेगळी माणसं. मला ते इतकं पटलं होतं की जगात सगळ्यांनाच ते माहीत असणार, असं मी धरून चालले.

खोटं कशाला बोलू, ते दारात उभं राहणं माझं नव्हतंच. ते माझ्या सासूचं, जिवलीचं. लग्न होऊन मी या घरात आले त्या पहिल्या संध्याकाळपासून तिला तशी उभी बघत होते. गाठोडंही तिचंच. दिवाळीआधी सारवताना कणगी रिकामी होती म्हणून सरकवली, तर बुडाखालच्या दगडांमध्ये, भिंतीच्या बाजूला ते सापडलं. मी उघडून बघितलं आणि तसंच परत ठेवलं. मग भात झोडून झालं, कणगी भरली, आणि ती तिरकी करायची तर दोन माणसं लागायला लागली. जिवलीला वाचता येत नाही, तिला कळणार कसं, असा हिशेब करून मी सगळं उचललं. टेम्पोवाला तेवढा माझा.

वाचायला बसला माझा नवरा, मुकेश. तो उंबरगावला बाटल्यांच्या कंपनीत जातो. माणूस वाईट नाही, बारावी झालाय, पण वाचतो ग्रामसभेची नोटीस वाचावी तसं. शनिवारी कंपनीच्या बसमधून उतरला आणि स्वतःच कौतुकानं अंक उघडला. "आपली संगिता पुस्तकात आली," म्हणाला. सासरा, लहान्या, खाटेवर बसून दोरी वळत होता. जिवली सुपात तांदूळ निवडत होती. मी चहा ठेवला आणि कान देऊन उभी राहिले. एवढी खूश मी लग्नातही नव्हते.

'मी फार सुखी आहे,' मुकेशनं वाचलं. 'मला दोन वेळा जेवायला मिळतं आणि चार वेळा विचारलं जातं, कुठं गेली होतीस.' हे वाक्य मी वर्गात वाचलं होतं तेव्हा पोरी आधी हसल्या होत्या आणि मग गप्प झाल्या होत्या. इथं लहान्यानं दोरी थांबवून मान हलवली. "सुखी हाय. बरोबर."

'घर माझ्या पाठीवर हात ठेवून उभं असतं,' मुकेशनं पुढं वाचलं.

"कुणी हात ठेवला पाठीवर?" लहान्यानं विचारलं.

"घरानं," मी चुलीजवळून म्हटलं.

"घराला कथं हात असतो?"

"नसतो, बाबा."

"मग कुणाचा?"

मी उत्तर शोधेपर्यंत मुकेश पुढं गेला होता. कणगीचं वाक्य आलं तेव्हा मी जिवलीकडे बघितलं. तिचा हात सुपात होता तसाच राहिला. तिनं मान वर केली नाही. थोड्या वेळानं हात पुन्हा चालू झाला, पण ती खडे टाकत नव्हती, तांदूळच इकडून तिकडे करत होती.

टेम्पोवाला आला तसा मुकेशचा आवाज उतरला. तरी त्यानं गोष्ट शेवटपर्यंत वाचली, हे त्याचं मला अजून कौतुक आहे. मग त्यानं फोटो बघितला, फोटोखालचं नाव बघितलं, आणि अंक मिटून मांडीवर ठेवला. चहा कुणीच प्यायलं नाही.

मला परसात नेऊन त्यानं विचारलं, "तो टेम्पोवाला कोण?"

"कुणी नाही. बनवलाय मी."

"बनवलाय तर त्याचा अंगठा चिकूच्या चिकानं काळा झालेला तुला कसा माहीत? गाडी चालू करायच्या आधी तो स्टेअरिंगला हात लावून पाया पडतो, ते कसं माहीत? बघितल्याबिगर एवढं बारीक कुणी लिहील?"

माझ्या लिखाणाची इतकी तारीफ आजवर कुणी केली नव्हती, मॅडमनीसुद्धा नाही. आणि मला साधं खूशही होता येत नव्हतं. मी म्हटलं, "अरे, येता-जाता दहा माणसं बघते, त्यांच्यातलं थोडं थोडं घेतलं." दहा म्हटल्यावर त्याचा चेहरा आणखीच पडला.

त्याच दिवशी त्यानं माझा मोबाइल घेतला. हॉल तिकीट माझ्या वहीतून काढून स्वतःच्या कंपनीच्या ओळखपत्राच्या प्लास्टिकमध्ये घडी करून घातलं आणि ते गळ्यात अडकवलं. पुढच्या सोमवारी माझा शेवटच्या परीक्षेचा पहिला पेपर होता. "पेपर नाय द्यायचा," तो म्हणाला. ओरडला नाही. ओरडला असता तर मीही ओरडले असते. एक पेपर राहिला की पंधरावी राहिली, आणि पुन्हा फॉर्म भरायला मला या घरातून कोण सोडणार होतं? लग्नाआधी माझ्या बापानं एकच अट घातली होती, पोरीला पंधरावी करू द्या. ती अट यांनी पाळली होती, मी लिहायला लागेपर्यंत.

नंतरचे आठ दिवस मला कुणी कोंडून ठेवलं नाही. कुलूप लावलं असतं तर तोडायला काहीतरी मिळालं असतं. फक्त लहान्यानं खाट पुढच्या दारात आडवी टाकली आणि दोरी वळत तिथंच बसून राहिला. एवढी दोरी त्यानं वळली की पाड्यातल्या सगळ्या म्हशी बांधून झाल्या असत्या. त्याच्या पाठीमागे, हातभर अंतरावर कणगी. पाण्याला गेले की जिवली बरोबर. परसात गेले की शेजारची कुणीतरी कुंपणावरून विचारणार, काय संगिता, बरी हायस ना. पेरणीआधी शेतात पालापाचोळा जाळून राब भाजायचे दिवस, शिवारभर धूर, सगळी माणसं शेतावर, आणि मला शेतावरही नेईनात. मी पुस्तक उघडून बसायची आणि तेच पान पुन्हा वाचायची.

पण खरी अडकले होते ती दुसरीकडेच. 'ती बाई मी नाही,' एवढं म्हणणं सोपं होतं. मी ते रोज म्हणतही होते. पण त्यावर मुकेश पुढचं विचारायचा, "मग कोण?" आणि तिथं माझं तोंड बंद व्हायचं. सगळे टेम्पोवाल्याच्या मागे होते. मुकेशनं तलासरीच्या नाक्यावर दोन चिकूवाल्यांचे अंगठेसुद्धा बघून घेतले. माणूस शोधायच्या नादात गाठोड्याकडे कुणाचं लक्षच गेलं नव्हतं. ते जिथं होतं तिथंच होतं, लहान्याच्या पाठीमागे, आणि घरातल्या आम्ही दोघी बायकांनाच ते माहीत होतं. घरात लुगडं नेसणारी जिवली एकटीच, म्हणजे ते सापडलं असतं तर हिरवं लुगडं कुणाचं, हे पाड्यातल्या शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं.

जिवली मला काही बोलली नाही. आमच्या घरात सासूलाही 'तू'च म्हणतात, तिच्याशी भांडता येतं, हसता येतं. पण त्या आठ दिवसांत विहिरीच्या वाटेवर ती माझ्या चार पावलं पुढं चालायची आणि मागे वळायची नाही. मला म्हणायचं होतं, आये, चुकले. पण चुकले म्हटलं की मला माहीत आहे हे कबूल करावं लागलं असतं. त्या शनिवारपासून ती संध्याकाळी मागच्या दारात उभी राहिली नाही. दिवेलागणीला ती दार लावून घ्यायची आणि चुलीपुढं बसायची. माझा जीव तुटायचा, कारण दारात उभं राहणं बंद करायला तिला कुणीच सांगितलं नव्हतं. ते मी बंद केलं होतं.

पेपरला दोन दिवस उरले तेव्हा निलम मॅडम स्कूटरवरून आल्या. माझा फोन लागत नाही म्हणून चौकशी करत करत पोचल्या. घामानं भिजलेल्या, हातात अंक. त्यांना बघून मला रडू आलं. त्यांनी खाटेच्या टोकाला बसून लहान्याला समजावलं, अगदी वर्गात समजावतात तसं.

"बाबा, याला दृष्टिकोन म्हणतात. लेखिका एका पात्राच्या नजरेतून जग बघते. हे दार म्हणजे खरं दार नाही, प्रतिमा आहे."

लहान्यानं वळून मागच्या दाराकडे बघितलं. "दार तर हायेच," तो म्हणाला.

"तसं नाही. समजा उद्या संगितानं खुनाची गोष्ट लिहिली, तर तिनं खून केला असं होईल का?"

लहान्याच्या हातातली दोरी थांबली. "खुनाची पण लिहिलीये?"

मॅडमनी पाणी मागितलं. मी त्यांना तांब्या दिला तेव्हा लहान्या अंकातल्या फोटोवर बोट ठेवून विचारत होता, "हा फोटो कुणाचा?" "संगिताचा." "मग?" तो म्हणाला. त्याच्या परीनं तो बरोबरच होता. जाताना मॅडम मला म्हणाल्या, "मी प्राचार्यांचं पत्र आणते." मी म्हटलं, नको. अजून एक कागद आला असता तर त्यावरही सही कुणाची, हेच बघितलं असतं.

लहान्या घाबरला आणि त्यानं चैत्याला बोलावलं. चैत्या आमच्या पाड्याचा जुना माणूस. भांडणं मिटवायला त्यालाच बोलावतात, कारण तो कुणाची बाजू घेत नाही आणि पटकन उठत नाही. रविवारी सकाळी तो आला, अंगणात न बसता आत, सावलीत बसला. मुकेशला त्यानं पूर्ण गोष्ट पुन्हा वाचायला लावली. पुन्हा तीच नोटीस. मी भिंतीला टेकून माझीच वाक्यं ऐकत होते आणि मला ती आता खरंच कबुलीजबाबासारखी वाटायला लागली होती. शेवटी शेवटी तर मलाच शंका आली, खरंच गेले होते की काय मी.

चैत्यानं तंबाखू मळली. मग मला विचारलं, "तू म्हणतंस, हे खोटं."

"खोटं नाही, काका. बनवलेलं."

"म्हणजे घडलं नाय."

"नाही घडलं."

"मग सोपं हाय. टेम्पोवाला मिळो ना मिळो, गाठोडं तर कागदावर लिहिलंय, कथं हाय तेसुद्धा लिहिलंय. कणगीखाली बघा. गाठोडं नसलं तर गोष्ट खोटी. मुकेश, मग तिचं परीक्षेचं कागद तिला द्यायचं आणि पुन्हा विषय नाय काढायचा."

सगळ्यांना ते पटलं. मुकेशच्या चेहऱ्यावर तर आठ दिवसांत पहिल्यांदा सुटल्यासारखं दिसलं. त्याला गाठोडं नको होतं, हे मला त्या क्षणी कळलं, आणि म्हणून आणखीच वाईट वाटलं. लहान्या उठला. खाट बाजूला ओढली. "धर रे तिकडून," त्यानं मुकेशला सांगितलं आणि कणगीला हात घातला.

मी काय करायला हवं होतं ते मला माहीत होतं. 'थांबा, गाठोडं माझं आहे,' असं म्हणायचं, संपलं. लुगड्याचं काहीतरी सांगता आलं असतं, आयेचं मी चोरलं म्हणून. पण माझ्या डोळ्यांपुढं मुकेशच्या गळ्यातलं ते हॉल तिकीट होतं आणि मनात एकदा, एकदाच, येऊन गेलं की निघू दे, तिचं आहे ते तिचं निघू दे. त्याची मला आजही लाज वाटते. मी तोंड उघडलं आणि काहीच बोलले नाही.

"चैत्या," जिवली म्हणाली.

ती चुलीजवळ होती. उठली नाही. तिथूनच म्हणाली, "तुझ्या सरिताच्या लग्नात कोण गाईली?"

आता जिवली धवलेरी आहे, हे सांगायला हवं. आमच्याकडे लग्नात घराच्या भिंतीवर देवचौक लिहून झाला की त्याच्यापुढं बसून लग्न गाते ती धवलेरी. तिच्या गाण्याशिवाय लग्न लागत नाही. झरीपासून पार डोंगराकडच्या गावांपर्यंत, गेल्या वीस-पंचवीस वर्षांत कितीतरी पोरींची लग्नं जिवलीनं लावली.

"तू गाईलीस," चैत्या म्हणाला.

"काय गाईले?"

चैत्यानं तंबाखू तोंडात टाकली. "आता ते काय..."

जिवलीनं मग तिथंच बसून गायला सुरुवात केली. भरदिवसा, चूल पेटलेली, समोर ना चौक ना नवरी.

मी निघाले गं आये, माझं ताट उपडं घाल,
मी निघाले गं आये, माझी वाट मोकळी कर...

दोनच ओळी. ती रोज बोलते तो आवाज कोरडा, चिरका आहे. हा आवाज सोळा-सतरा वर्षांच्या पोरीचा होता, जिला जायचंय आणि जायचं नाहीये. लहान्याचा हात कणगीवर तसाच राहिला. चैत्या जमिनीकडे बघत होता. सरिता त्याची एकुलती पोर. मागच्या वर्षी लग्न होऊन पार सिल्वासाकडे गेली.

"तेव्हा रडलास तू," जिवली म्हणाली. "कुणासाठी रडलास? माझ्यासाठी?"

"तुझ्यासाठी कशाला रडेन. पोरीसाठी रडलो."

"पण मी तर 'मी निघाले' म्हणत होते. सगळं अंगण भरून माणसं ऐकत होती. माझा नवरा तथंच बसला होता. तेव्हा माझं गाठोडं बघायला कुणी आलं नाय."

मुकेशनं बापाकडे बघितलं.

"मी तोंडानं गाते," ती म्हणाली, "ही कागदावर गाईली. तेवढंच. सोड रे ती कणगी, बियाणाचं भात हाय त्यात, सांडशील."

लहान्यानं हात काढला. चैत्या बराच वेळ तंबाखू चघळत बसला. मग त्यानं विचारलं, आणि तो कुणाची बाजू घ्यायची म्हणून विचारत नव्हता, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं, "मग या कागदातली ही 'मी' कोण, जिवली?"

जिवली चुलीतलं लाकूड आत सारत होती. "कुणी नाय," ती म्हणाली. "गाणारीची 'मी' कुणाचीच नसते."

मॅडमचं अख्खं एक सत्र गेलं होतं हे शिकवण्यात. चैत्याला ते एका वाक्यात समजलं. तो उठला. लहान्यानं शेवटचा प्रयत्न केला, "मग फोटो कशाला छापला?" चैत्या म्हणाला, "तारपा वाजवणाऱ्याचा नाय छापत पेपरात?" मुकेशनं गळ्यातलं ओळखपत्र काढलं, हॉल तिकिटाची घडी उलगडली, मांडीवर हातानं सपाट केली आणि मला दिली. "घाम लागलाय थोडा," तो म्हणाला. मी सुटले होते. आणि मला जिवलीकडे बघवत नव्हतं, कारण तिची 'मी' मी एकदाच कुठंतरी लिहिली होती आणि ती तिला स्वतःच्या तोंडानं, सगळ्यांसमोर, कुणाचीच नाही म्हणून सांगावी लागली होती.

दुपारी बापलेक राब भाजायला शेतावर गेले. जिवलीनं पुढचं दार लोटून घेतलं आणि म्हणाली, "धर." आम्ही दोघींनी कणगी तिरकी केली. तिनं हात घालून गाठोडं काढलं, पदरानं पुसलं आणि मांडीवर घेऊन बसली.

"वाच," ती म्हणाली. "मुकेशसारखं नको. मी बोलते तसं वाच."

मी वाचलं. तिच्यासारखं, कोरडं, वाक्य संपता संपता सोडून दिल्यासारखं. 'मी फार सुखी आहे. मला दोन वेळा जेवायला मिळतं आणि चार वेळा विचारलं जातं, कुठं गेली होतीस.' जिवलीला हसू फुटलं. तिनं तोंडावर हात धरला, तरी खांदे हलत राहिले. मग ती गप्प झाली. वर्गातल्या पोरी गप्प झाल्या होत्या तशीच.

टेम्पोवाला आला तेव्हा तिनं मला थांबवलं. "हा कोण?"

"कुणी नाही, आये. मी घातला."

"कशाला?"

"वाचणाऱ्याला पटायला पाहिजे ना. बाई निघाली तर..."

"तर कुणाबरोबर तरी निघाली असणार," तिनं माझं वाक्य पुरं केलं. "मुकेशला पण तसंच वाटलं."

ते मला लागलं. आठ दिवस मी मनातल्या मनात नवऱ्याला अडाणी म्हणत होते, आणि माझी नजर त्याच्या नजरेपेक्षा बोटभरही पुढं गेलेली नव्हती. मी हळूच विचारलं, "मग तू कुणासाठी बांधलं होतंस?"

"कुणासाठी काय? माझंच ते." ती गाठ सोडत होती. "दर लग्नात मी निघाले, मी निघाले म्हणायचं, दुसऱ्याची पोर जायची आणि मी सकाळी परत इथंच. एकदा वाटलं, एवढं म्हणते तर निघून बघू. तीनदा गेले फाट्यापर्यंत. चप्पल काखेत. फाट्यापुढं घालू म्हटलं."

"मग?"

"एकदा म्हैस विणार होती. एकदा मुकेशला ताप होता. तिसऱ्यांदा काहीच नव्हतं."

"मग का परत आलीस?"

"गाण्यात पोर निघते ती सासरी जाते," ती म्हणाली. "दुसरीकडं कथं जायचं ते कुठल्या गाण्यात नाय. मला कसं माहीत असणार?"

तिनं लुगडं झटकलं. इतकी वर्षं घडीत राहून घड्यांवर विरलं होतं. "हे आता ठेवता येणार नाय. सगळ्यांना जागा कळली." रागानं नाही म्हणाली, मीठ संपलं असं सांगावं तसं म्हणाली. मी म्हटलं, "आये, चुकले मी." ती म्हणाली, "चुकलीस." मग लुगडं घेऊन ती बाहेर गेली, धुतलं आणि कुंपणावर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वाळत घातलं. लहान्यानं संध्याकाळी विचारलं तेव्हा पेटीत सापडलं म्हणाली. फणी तिनं फळीवर ठेवली. चप्पल माझ्यापुढं सरकवली. काळी, रबरी, तळ अजून पांढरट कोरा.

"उद्या घेऊन जा," ती म्हणाली. "फाट्यापुढं घाल."

सोमवारी मी फाट्यापर्यंत माझी जुनी चप्पल घालून गेले. तिथं झुडपात ती ठेवली आणि जिवलीची घातली. ती मला अर्धं बोट मोठी होती, चालताना टाच निसटायची. जीपमध्ये, मग डहाणूच्या बसमध्ये, मी सारखी पायांकडे बघत होते. पेपरात तिसरा प्रश्न होता, निवेदक आणि लेखक यांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा, आठ गुण. मी सगळं नीट लिहिलं, व्याख्या, प्रकार, दृष्टिकोन, आणि उदाहरण पाठ्यपुस्तकातलं दिलं. दुसरं एक होतं माझ्याकडे, पण ते माझं नव्हतं.

परत आले तेव्हा दिवेलागण होत आली होती. लहान्याची खाट दारातून हटली होती. जिवली चुलीपुढं होती. पेपर कसा गेला तिनं विचारलं, मी बरा म्हटलं. मागचं दार लावलेलं होतं. मी कडी काढली आणि दारात उभी राहिले. समोर काळी पडलेली शेतं, त्यांच्यापलीकडे फाट्याकडे जाणारी पायवाट, तिच्यावर कुणीच नाही. ती इतकी वर्षं काय बघत होती ते बघायचं होतं मला. किती वेळ उभी होते कोण जाणे. एक पाय बाहेर, एक आत, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

मागून जिवलीचा आवाज आला, रोजचा, कोरडा.

"संगिता, आत ये, नाय तर जा बाहेर. अशी मधे उभी राहू नको."